रोजच्या वापराचा छोटा कॅमेरा बदलायचाय: आधीच्यावरून मन उडालंय

मोरपंखी

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं माझ्याकडे एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग), खिशात मावणारा झूम कॅमेरा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कॅमेरा वाईट नाही, फोटो आजही छान येतात. पण वर्षभर तो कपाटातच पडून आहे. बाहेर जातानाही मी तो घरी ठेवून जाते. आधी वाटलं, छंदच ओसरला. पण तसं नाहीये. फोटो मला रोज दिसतात, फक्त त्या कॅमेऱ्याने काढावेसे वाटत नाहीत.

नेमकं काय होतं ते सांगते. परवा दुपारी लेक पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. पहिल्यांदाच, एकटीने. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, एका हातात नाडीचा फास, दुसऱ्या हाताचं बोट त्यातच अडकलेलं, आणि तिरपं ऊन बरोबर त्या बोटांवर. कॅमेरा हाताशी होता. बटण दाबलं, लेन्स घरघरत बाहेर आली, उन्हामुळे स्क्रीनवर माझाच चेहरा दिसला, झूमचा खटका जास्त सरकला, तो मागे आणला. तोवर नाडी तशीच लोंबत ठेवून ती पळालीही.

दर वेळी असंच काहीतरी होतं.

मला हवा रोज जवळ बाळगता येईल असा, लेन्स न बदलणारा कॅमेरा. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात बरे फोटो यावेत. व्हिडिओ नको, पक्षी नकोत, चंद्र नको. वाचून रिको जीआर आणि फुजीची एक्स१०० मालिका इथवर पोचलेय. पण दोन्हींना झूम नाही, त्याची धास्ती वाटते. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे नवा घेतला आणि वर्षभरात तोही कपाटात गेला तर? कोणी असा बदल केला असेल तर अनुभव सांगा.

दगडफूल

रुमाल टाकून ठेवतो. अगदी हेच दुखणं आहे इथे.

तिसरा_प्रहर

मी चार वर्षं जीआर थ्री वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

हा २०१९ चा कॅमेरा. बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. शर्टाच्या खिशात जातो आणि तिथे असल्याचं विसरायला होतं. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिमी. तुमचा एक इंची सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा. (नावात इंच असला तरी त्याची कुठलीच बाजू इंचभर नसते.) क्षेत्रफळ तिपटीहून जास्त झालं. संध्याकाळच्या घरातल्या उजेडात हा फरक डोळ्यांना दिसतो.

पण मी जीव लावला तो सेन्सरमुळे नाही. बटण दाबल्यापासून ०.८ सेकंदात तो तयार होतो. आणि त्यात स्नॅप फोकस आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, मग कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. मी एफ ८ (हा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि २ मीटर लावून ठेवतो. त्यात साधारण एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण एका दमात खालपर्यंत दाबलं की फोटो निघालेला असतो. तुमच्या नाडीच्या प्रसंगात हाच वेळ वाचला असता.

उणिवाही सांगतो. बॅटरी दोनेकशे फोटोंत संपते, दुसरी खिशात हवीच. फ्लॅश नाही, आधीच्या जीआर टूमध्ये होता. पावसापाण्यापासून संरक्षण नाही.

अनवट

तिसरा_प्रहर, एक उणीव राहिली. जीआरला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी काच) नाही आणि स्क्रीन हलत नाही. मोरपंखीताईंची निम्मी तक्रार "उन्हात स्क्रीन दिसत नाही" हीच आहे. ती जशीच्या तशी नव्या कॅमेऱ्यात येणार.

म्हणून माझं मत एक्स१००ला. मालिका २०११ मध्ये आली, मी २०२० चा एक्स१००व्ही वापरते. त्याला संकरित व्ह्यूफाइंडर आहे, म्हणजे काच आणि छोटी स्क्रीन दोन्ही. पुढची एक दांडी सरकवली की काचेतून थेट समोरचं दिसतं, वर फोटोची चौकट उजेडाने आखलेली. गंमत अशी की चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. कोण आत येतंय ते आधीच कळतं आणि मी वाट बघत थांबते. ऊन कितीही असो, डोळा काचेला लावला की जग शांत होतं.

ॲपर्चर लेन्सभोवतीच्या कड्यावर, शटरचा वेग वरच्या चकतीवर. कॅमेरा बंद असतानाही नुसतं बघून कळतं काय लावलंय. मेनूत शिरायची वेळ महिन्यातून एकदा येत असेल. आणि शटरचा आवाज इतका हळू, की झोपलेल्या बाळाचे मी अगदी जवळून फोटो काढलेत.

भरदुपार

फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही म्हणून विचारतो. भांडण काढायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. माझा फोन अर्ध्या सेकंदात उघडतो, उन्हातही झकास दिसतो, आणि तो घरी विसरत नाही.

सांजवात

भरदुपार, प्रश्न योग्य आहे. ज्याला फोनने आनंद मिळतो त्याने काही घेऊ नये. माझं असं होतं की फोटोसाठी फोन काढला की वर तीन निरोप दिसतात, एकाला उत्तर देते, आणि मान वर करते तेव्हा समोरचा ढग सरकलेला असतो. कॅमेऱ्यात कोणी निरोप पाठवत नाही. मला तेवढंच पुरतं.

भरदुपार

पटलं.

गारगोटी

अनवट, एक्स१०० सुंदरच आहे, पण खिशात मावत नाही. तुमचा व्ही ४७८ ग्रॅमचा, २०२४ चा सहावा ५२१ ग्रॅमचा. धागाकर्तीला रोज जवळ बाळगायचाय. मी एक वर्ष वापरून विकला. फोटोंबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही, पण त्याला पिशवी लागायची आणि पिशवी घेतली की तो "फोटो काढायला जाणं" व्हायचं. भाजी आणायला जाताना कोणी पिशवीभर तयारी करत नाही.

सहाव्यात स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) आलंय, आधीच्यात नाही, हेही लक्षात असू द्या. जीआर थ्रीमध्ये ते आहे.

अनवट

मी गळ्यात अडकवून जाते हो, भाजीलाही. पण मान्य, खिशातला नाही तो.

कोरा_कागद

मी जरा वेगळं बोलतो. मोरपंखी, अजून काहीच घेऊ नका. आधी जुन्या कॅमेऱ्यातले फोटो उघडा आणि ते कुठल्या फोकल लेन्थला काढलेत ते मोजा (आकडा लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं जवळचं). फोटोच्या माहितीत खरा आकडा असतो, उदा. ८.८ मिमी. एक इंची सेन्सर असेल तर त्याला २.७ ने गुणा, साधारण २४ मिमी येतील. आपण सगळे बोलताना वापरतो तो हा दुसरा आकडा. सहा वर्षांचे फोटो आहेत, झूमची गरज आहे की नाही ते तेच सांगतील. लोकांच्या आवडीनिवडी ऐकून कॅमेरा घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून बघणं.

मोरपंखी

कोरा_कागद, काल रात्री बसून मोजलं. सगळे नाही, शेवटच्या दोन वर्षांतले १,१४६ फोटो. त्यातले ५०२ अगदी २४ वर आहेत! ३५ ते ५० च्या मधले ४३८. सत्तरच्या जवळचे शंभरेक, बाकी किरकोळ. म्हणजे मी २४ वाली निघाले. मग जीआर थ्रीची लेन्स २८ ची आहे, तीच जवळची, नाही का?

निंबोणी

थांबा थांबा. तुमचा कॅमेरा सुरू होतो तेव्हा लेन्स कुठे असते? जवळपास सगळे असे झूम कॅमेरे सुरू होताना सर्वांत रुंद बाजूला, म्हणजे २४ लाच उघडतात. ते ५०२ फोटो तुम्ही २४ निवडून काढलेत की झूम करायला वेळ नव्हता म्हणून? ४३८ फोटो मात्र तुम्ही खटका सरकवून, मुद्दाम तिथे जाऊन काढलेत. माझ्या लेखी त्यांचं वजन जास्त.

खात्री करायची असेल तर एक पुठ्ठा घ्या. त्यात बरोबर ३६ × २४ मिमीची खिडकी कापा. एक डोळा मिटून ती खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून ३५ मिमीवर धरा. जे दिसेल ती ३५ मिमी लेन्सची चौकट. ५० मिमीवर धरलीत तर ५० ची. पूर्ण फ्रेमच्या सेन्सरचा आकारच ३६ × २४ असतो, म्हणून हे गणित इतकं सरळ जुळतं.

चष्मा असेल तर इतकं जवळ धरता येत नाही. मग सगळं दुप्पट करा: खिडकी ७२ × ४८, आणि अंतरं २८ साठी ५६ मिमी, ४० साठी ८०, ५० साठी १००. मी पुठ्ठ्याला दोरा बांधून त्यावर तीन गाठी मारल्या होत्या. गाठ डोळ्याच्या कडेला गालाच्या हाडावर धरायची आणि दोरा ताणायचा, मोजपट्टी लागत नाही. आठवडाभर घरात आणि बाहेर तोच घेऊन फिरा. ज्या गाठीला हात आपोआप जाईल ती तुमची लेन्स.

दगडफूल

निंबोणी, हे भारी आहे! आल्या होत्या कॅमेरा घ्यायला, निघाल्या पुठ्ठा कापून.

तिसरा_प्रहर

मीही कापला आत्ता. चार वर्षं २८ वापरूनही २८ च आवडला, जीव भांड्यात पडला.

एक भर घालतो. जीआर थ्रीमध्ये ३५ आणि ५० ची चौकट कापून घ्यायची सोय आहे, पण ३५ ला १५ मेगापिक्सेल उरतात आणि ५० ला ७. ३५ बिनधास्त वापरा, ५० च्या भरवशावर मात्र घेऊ नका. ज्यांना २८ फार रुंद वाटतो त्यांच्यासाठी २०२१ मध्ये जीआर थ्रीएक्स आला. अंगाने तोच, लेन्स ४० ची. २०२५ चा जीआर फोर पुन्हा २८ चाच.

सांजवात

मुलांचे फोटो काढायचे असतील तर २८ चा एक धोका सांगते. २८ ने चेहरा चौकटभर आणायचा तर फार जवळ जावं लागतं आणि जवळून नाक मोठं, कान लहान दिसतात. लेन्सचा दोष नाही तो, अंतराचा परिणाम आहे. हातभर अंतरावरून कुठल्याही लेन्सने तेच होईल. पण २८ तुम्हाला तिथे ओढून नेते. ४० ने दोन पावलं मागे राहता येतं आणि मूलही आपल्या नादात राहतं.

आडवाट

अवांतर: हे वाचताना बाबांचा ऑलिंपस एक्सए आठवला. १९७९ चा फिल्म कॅमेरा, योशिहिसा माइतानी यांनी घडवलेला. पुढचं काळं झाकण बाजूला सरकवलं की लेन्स उघडी आणि कॅमेरा तयार. वेगळी टोपी नाही, कातडी कव्हर नाही. लेन्स बाहेर येणंच नाही, ३५ मिमी एफ २.८ ची ती काच आतल्या आत बसवलेली. बाबा बोलता बोलता अंगठ्याने झाकण सरकवायचे, एक बारीक 'टक', आणि कोणाचं बोलणं थांबायच्या आत कॅमेरा पुन्हा खिशात. आमच्या घरच्या अल्बममध्ये कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. मी लहानपणी समजायचो की बाबा फोटो काढायच्या आधी आम्हाला सांगायला विसरतात.

मोरपंखी, तुम्ही शोधताय ते बहुधा ते 'टक' आहे.

मोरपंखी

आडवाट, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हो, तेच शोधतेय.

गारगोटी

झूम सोडवतच नसेल तर दोन पर्याय नोंदवून ठेवतो. सोनी आरएक्स१०० चा तिसरा, २०१४ चा. २४ ते ७० ची लेन्स, एफ १.८ ते २.८, आणि वर उडी मारून येणारा व्ह्यूफाइंडर. दुसरा पॅनासॉनिक एलएक्स१०० टू, २०१८ चा. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर (एक इंचीहून मोठा, एपीएस-सीहून लहान), व्ह्यूफाइंडर जागच्या जागी, ॲपर्चरचं कडं आणि शटरची चकती दोन्ही. जाकिटाच्या खिशात जातो, पँटच्या नाही.

पण दोन्हींची लेन्स सुरू होताना बाहेर येते. तुमचा राग तिच्यावर असेल तर काही बदलणार नाही.

कोरा_कागद

गारगोटींशी जरा असहमत. राग लेन्स बाहेर येण्यावर नाही, ती बाहेर येऊन *नको तिथे* थांबण्यावर आहे. लेन्स तर जीआरचीही बाहेर येते. काही कॅमेऱ्यांत, उदा. कॅननच्या जी७ एक्समध्ये, लेन्सभोवतीच्या कड्याला टप्प्याटप्प्याच्या झूमचं काम देता येतं. २४, २८, ३५, ५० असं ठरलेल्या आकड्यांवर थांबतं. जुन्या कॅमेऱ्यात अशी काही सोय लपलीय का, ते बघून मगच खर्च करा.

मोरपंखी

बघितलं, नाहीये तशी सोय.

चाफेकळी

जुना घेणार असाल तर माझ्यावर आलेली वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून लिहिते. मी एक छोटा कॅमेरा वापरलेला घेतला, बाहेरून नव्यासारखा. चार दिवसांनी आकाशाचा फोटो काढला तर वरच्या कोपऱ्यात तीन करडे ठिपके. सेन्सरवर धूळ. लेन्स निघत नाही, त्यामुळे आपल्याला पुसता येत नाही. कॅमेरा उघडूनच साफ करावा लागला.

म्हणून घेण्याआधी ॲपर्चर एफ १६ किंवा असेल तितकं लहान करायचं आणि पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून, एक फोटो काढायचा. मोठा करून चारही कोपरे बघायचे. मोठ्या ॲपर्चरला धूळ लपते, लहानाला उघडी पडते. मग दहा वेळा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐकायचा, दर वेळी सारखा यायला हवा. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवायची, डुगडुगली तर फुगलेली आहे.

दगडफूल

वाचनखूण साठवली. चाफेकळी, धन्यवाद.

मोरपंखी

नऊ दिवसांनी येतेय.

पुठ्ठा केला. मला चष्मा आहे म्हणून ७२ × ४८ ची मोठी खिडकी, दोरा आणि तीन गाठी. पहिले दोन दिवस २८ च्या गाठीवर अडून बसले, कारण आकडे तसं म्हणत होते. पण प्रत्येक वेळी खिडकीत नको ते यायचं: दाराची चौकट, कोणाचा तरी पाय, पंख्याचं पातं. तिसऱ्या दिवसापासून गाठ बघणंच सोडलं आणि हात जिथे थांबेल तिथे दोरा चिमटीत धरून नंतर मोजला. ७६, ८२, ८०, ९१, ७८. म्हणजे ४० च्या आसपास! निंबोणीताई, तुम्ही बरोबर होतात. ते ५०२ फोटो कॅमेऱ्याने निवडलेले होते, मी नाही.

आणि एक गोष्ट कळली जी मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, कारण मलाच माहीत नव्हती. त्या नऊ दिवसांत पुठ्ठ्यातून बघताना मला मजा येत होती. स्क्रीन नाही, बटण नाही, फोटोही निघत नाही, तरी. लेक पण मागायची, "मला बघू दे, मला बघू दे." चौकट एकच असली की मी स्वतः हलते. झूम असला की उभी राहून खटक्याशी खेळत बसते. झूम जाण्याची धास्ती होती ना, ती गेली.

मग एका मैत्रिणीकडून दोन दिवस जीआर थ्रीएक्स आणला. अनवट, तुमची शंका खरी ठरली, भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही. पण ४० ची चौकट एव्हाना डोळ्यांत बसली होती, म्हणून स्क्रीनकडे फक्त कडा सरळ आहे का एवढंच बघायला जात होते. स्नॅप फोकस लावून छातीशी धरूनही काही फोटो काढले. निम्मे वाकडे. पण एक आहे: लेक आरशासमोर स्वतःची वेणी स्वतः घालतेय, रबर दातांत धरलेलं, एक डोळा बारीक केलेला. तो मी भिंतीला लावणार आहे.

तिसरा_प्रहर

वा! अशी पोस्ट वाचायला मिळावी म्हणून इथे यावं. उन्हासाठी एक सुचवतो. वर फ्लॅशच्या खाचेत बसणारा छोटा काचेचा व्ह्यूफाइंडर मिळतो. त्यात आकडे दिसत नाहीत, फोकस कुठे लागलाय ते कळत नाही, आणि जवळच्या वस्तूला चौकट थोडी सरकते. पण स्नॅप फोकससोबत त्यातलं काहीच आड येत नाही. गरज वाटली तर नंतर घ्या.

अनवट

मी एक्स१००ची बाजू घेऊन भांडले, पण ही पोस्ट वाचून मीही थ्रीएक्सच सांगेन. वेणीचा फोटो नक्की लावा.

निंबोणी

७६, ८२, ८०, ९१, ७८ हे वाचून फार आनंद झाला. पुठ्ठा टाकू नका, लेकीला द्या.

मोरपंखी

दिलाय केव्हाच. तिने त्याला रंगीत कागद चिकटवलाय.

वापरलेला एक थ्रीएक्स बघायला उद्या जातेय. चाफेकळी, भिंतीचा फोटो, दहा वेळा चालू-बंद, बॅटरी टेबलावर, सगळं लिहून घेतलंय. एकच शेवटचा प्रश्न: गळ्यातला पट्टा घ्यावा की मनगटाचा?

गारगोटी

मनगटाचा. गळ्यात अडकवला की पोटावर आपटत राहतो, मग माणूस तो पिशवीत टाकतो.

आडवाट

मनगटाचाच. बाबांनी एक्सएला नुसती सुती दोरी बांधली होती, घड्याळाच्या पट्ट्याइतकी सैल. हात खिशात गेला की दोरीही आत जायची. अजून तीच आहे, गाठीपाशी जरा काळी पडलीय.